हृदयरोग्याच्या पायांतली वीज

मेलेल्या बेडकाची तंगडी विजेच्या स्पर्शाने उडते, हे बोलोन्याच्या गॅल्व्हानीने १७९१ साली जगाला सांगितले. ही करामत माणसाच्या कामी आणली द्यूशेन या फ्रेंच डॉक्टराने. पॅरिसच्या इस्पितळांतून तो विजेची पेटी घेऊन हिंडे. नोकरी मात्र एकाही इस्पितळात नाही! कातडी न कापता, ओली टोके लावून तो हवा तोच स्नायू आकसवी. १८५५ साली त्याने यावर ग्रंथ लिहिला.

हृदय दुबळे झालेल्या रोग्याला मात्र पुढे शंभर वर्षे एकच आज्ञा होती : पडून राहा. हृदयाला विसावा मिळे, पण पाय झिजत. आणि चार पावलांत लागणारी धाप काही अंशी या झिजलेल्या पायांचीही असते, हे उमगायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध सरत आला. मग व्यायाम आला. परंतु ज्याला उठवतच नाही त्याने चालावे कसे? तेव्हा द्यूशेनचीच युक्ती पुन्हा निघाली. मांड्यांना, पोटऱ्यांना पट्ट्या, मंद प्रवाह, रोज तासभर, कित्येक आठवडे. रोगी अंथरुणात आणि स्नायू कवायतीला! हृदय याने बरे होत नाही. पण पुष्कळ रोगी पूर्वीपेक्षा लांब चालू लागले. छातीत पेसमेकर असेल, तर मात्र हा प्रयोग डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हावा.