ऑन ते ऑफर

मोटारीच्या व्यवहारातला 'ऑन' हा शब्द आता पंचविशीतल्या माणसाला समजावून सांगावा लागतो. ठरलेल्या किमतीवर वरून मोजायची, पावती नसलेली रक्कम म्हणजे ऑन. माझ्या लहानपणी कुणी नवी गाडी घेतली की 'केवढ्याला पडली?' याच्यापाठोपाठ 'ऑन किती दिला?' हा प्रश्न दबक्या आवाजात येई. आज त्याच जागी प्रश्न असतो, 'डिस्काउंट किती मिळाला?' बेरजेची वजाबाकी झाली. ती कधी झाली, कशामुळे झाली आणि या दोन्ही काळांत गाडी घेणाऱ्याच्या हातात नेमके काय होते, याचा शोध मी गेली काही वर्षे घेतो आहे. मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही आणि वाहन उद्योगाशी माझा संबंध नाही. रद्दीच्या दुकानांतून जुनी दरपत्रके, जाहिरातींची कात्रणे आणि कोटेशनचे कागद गोळा करायची सवय लागली, त्यातून हे सुरू झाले. कोटेशन हा कागद लोक गाडी घरी आली की फेकून देतात. पण मध्यमवर्गीय माणूस घराखालोखाल सर्वांत मोठी खरेदी कशी करतो, हे सांगणारा दुसरा कागद मला सापडलेला नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन दशके तुलना करायला फारसे काही नव्हतेच. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. संपला बाजार. मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर १९५९ च्या आदेशाने सरकारी नियंत्रण आले, तर १९६९ मध्ये किमतीच सरकार ठरवू लागले. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा नोव्हेंबर १९७१ मधला निकाल आज वाचताना गंमत वाटते. देशातले सर्वोच्च न्यायालय तीन मोटारींची रास्त किंमत किती, उत्पादन खर्चात काय धरावे आणि काय धरू नये, याचा हिशोब मांडत बसले आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हे किंमत नियंत्रण उठले.

या काळाबद्दल 'तेव्हा गाड्या स्वस्त होत्या' असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. सरकारी किंमत कमी होती, पण त्या किमतीला गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्याला थांबायचे नसे तो ऑन देई. म्हणजे खरी किंमत बाजार ठरवीतच होता. फक्त तिच्यातला वरचा भाग कारखान्याकडे न जाता ज्याच्या नावावर गाडी लागली त्याच्या खिशात जाई. विक्रेत्याला गाडी विकायची नसायची, वाटायची असायची. ग्राहकाशी गोड बोलण्याचे त्याला काही कारण नव्हते.

मारुतीने गाडी बदलली, पण हा व्यवहार लगेच बदलला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली, ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. मागे डिकीचे वेगळे खोके नाही. 'हॅचबॅक' हा शब्द तेव्हा आपल्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. फियाटवाले जुने लोक 'हिला डिकीच नाही' म्हणून नाक मुरडत. पण गाडी बाजारात येण्याआधीच, दहा हजार रुपये भरून सव्वा लाखाहून अधिक लोकांनी नोंदणी केली होती. पहिल्या गाडीचा मानकरी सोडतीने ठरला. रांग तीच, ऑन तोच. काही वर्षे तर वापरलेली मारुती नव्या मारुतीपेक्षा महाग विकली जाई, कारण ती आज मिळत होती.

नव्वदच्या दशकात उदारीकरण आले तरी नोंदणीची ही मानसिकता टिकून होती, आणि तिचा सर्वांत कडू अनुभव आपल्याच दारात आला. १९९६ मध्ये फियाट उनोसाठी प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्याच्या भरवशावर लाखोंनी पैसे भरले. कामगारांचा संप आणि भागीदारांतले वाद यांत गाड्या जेमतेम बाहेर पडल्या. ठाणे, डोंबिवली, मुलुंड परिसरातल्या कित्येक घरांत उनोच्या नोंदणीची पावती हा पुढे कडवट विनोदाचा विषय झाला. गाडीसाठी आधी पैसे अडकवून ठेवण्याची हौस त्यानंतर बरीच ओसरली, असे मला कात्रणे चाळताना जाणवते.

आणि मग १९९८ आले. जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये टाटांनी इंडिका दाखवली. सप्टेंबरमध्ये ह्युंदाईची सँट्रो आली, पाठोपाठ देवूची मॅटिझ, आणि ३० डिसेंबरला पुण्यात बनलेली इंडिका विक्रीसाठी सादर झाली. इंडिकाच्या आगमनाच्या तोंडावरच मारुतीने आपल्या किमती हजारो रुपयांनी खाली आणल्या. माझ्या मते भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना, मारुतीच्या जन्माहूनही महत्त्वाची. कारण त्याआधी गाडीची किंमत उतरते हे क्वचितच कुणी पाहिले होते. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांवर तुलनेचे तक्ते येऊ लागले ते यानंतर: सीसी किती, लिटरला किती किलोमीटर, मागे तीन माणसे बसतात की दोन. सँट्रोच्या उंच टपाची आधी थट्टा झाली, मग त्याच टपामुळे आजी-आजोबांना चढा-उतरायला सोपे जाते म्हणून ती घेतली गेली. २००३ च्या सुमारास मारुतीने '८००' साठी महिना २५९९ रुपये हप्त्याची योजना काढली. लक्ष्य होता तो मोटारसायकलवरचा चौघांचा संसार. गाडीच्या किमतीऐवजी हप्ता छापण्याची ही युक्ती तेव्हापासून रुजली, आणि किंमत नजरेआड करण्याच्या अनेक पद्धतींतली ती पहिली.

इथे एक थांबा घेऊन कराकडे वळायला हवे. आज रस्त्यावरच्या छोट्या गाड्या लांबीला इतक्या सारख्या का, हे त्यातूनच कळते. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाडीवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले आणि 'छोटी गाडी' कशाला म्हणायचे तेही ठरवून दिले: लांबी ४ मीटरच्या आत, इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० सीसीपर्यंत. त्यानंतर अभियंते फूटपट्टी घेऊनच बसले. टाटांनी इंडिगोची शेपटी कापून तिला ४ मीटरच्या आत आणले, मारुतीने डिझायर ३,९९५ मिलिमीटरवर बसवली, १.३ लिटरची इंजिने १.२ झाली. पाच मिलिमीटर शिल्लक ठेवून केलेली ही काटछाट ग्राहकाच्या सोयीसाठी नव्हती. शोरूममध्ये आपण 'माझ्या गरजेची गाडी' शोधतो, पण तिच्या लांबी-रुंदीचा निर्णय अर्थमंत्र्यांच्या भाषणात झालेला असतो.

आता ऑफरकडे. डिस्काउंट का मिळतो, याचे उत्तर बहुतेकांना विक्रेत्याचा स्वभाव किंवा आपले बोलणे यात दिसते. ते बव्हंशी मालाच्या साठ्यात आहे. कंपन्या दर महिन्याला विक्रीचे जे आकडे जाहीर करतात ते कारखान्यातून विक्रेत्यांकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात, ग्राहकाने घरी नेलेल्या गाड्यांचे नव्हे. विक्रेता ती गाडी कर्ज काढून घेतो आणि यार्डात उभी असेपर्यंत व्याज भरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये विक्रेत्यांच्या 'फाडा' या संघटनेने सांगितले की, देशभर ८० ते ८५ दिवसांचा साठा, म्हणजे जवळजवळ ७९ हजार कोटी रुपयांच्या गाड्या, विक्रेत्यांकडे पडून आहेत. त्या दिवाळीत मिळालेल्या मोठमोठ्या सवलतींचे मूळ लक्ष्मीपूजनात नव्हते, या आकड्यात होते. डिसेंबरच्या सवलतींचेही तसेच. १ जानेवारीला गाडी कागदोपत्री वर्षाने म्हातारी होते, आणि विकताना गिऱ्हाईक नोंदणी पुस्तकातले निर्मितीचे वर्ष बघतोच.

मग विक्रेत्यांमध्ये स्पर्धा लावून देऊन ग्राहकाने फायदा का घेऊ नये? चार शोरूम फिरावे, घासाघीस करावी. आपला समज असा की असे केले की किंमत उतरते. या समजाला सर्वांत मोठा धक्का देणारे दफ्तर म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा २३ ऑगस्ट २०२१ चा आदेश. त्याचा उगम आपल्याकडचा आहे. स्वतःला मारुतीचा विक्रेता म्हणवणाऱ्या कुणी आयोगाला निनावी ई-मेल पाठवला: कंपनीच्या 'पश्चिम-२' विभागात, म्हणजे मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रात, कंपनीने जाहीर केलेल्या ऑफरपेक्षा जास्त सवलत देण्यास विक्रेत्यांना मनाई आहे. आयोगाने चौकशी केली. निष्कर्ष असा की, कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसे गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जात, सवलत मागून बघत आणि जादा सवलत किंवा वस्तू देणारा सापडला तर पुराव्यासह कळवत. मग विक्रेत्यालाच नव्हे, तर समोर बसलेल्या सेल्समनला आणि व्यवस्थापकालाही दंड. आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड केला. कंपनी अपिलात गेली आणि दहा टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर त्या नोव्हेंबरमध्ये वसुलीला स्थगिती मिळाली. याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईला अशाच कारणांसाठी झालेला ८७ कोटींचा दंड अपील न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये रद्द केला होता, हेही इथे नोंदवायला हवे. कायद्याचा वाद बाजूला ठेवला तरी हा आदेश वाचल्यावर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून सेल्समन का कसनुसा हसतो, ते मला उमगले. हे गिऱ्हाईक खरे की कंपनीने पाठवलेले, हे त्याला ठाऊक नसायचे.

२०२५ मध्ये ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्के केला. २००६ ची ती ४ मीटर आणि १२०० सीसीची व्याख्या इथेही तशीच. अंमल २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेला. मधले जवळजवळ तीन आठवडे देशभर गिऱ्हाईक हात बांधून बसले. त्यात साताऱ्यात शिक्षिका असलेली माझी भाचीही होती. 'मामा, तुम्ही जुने कागद वाचता, आता हे नवेही वाचून द्या,' म्हणत तिने चार कोटेशन माझ्यापुढे ठेवली. वॅगन आर, टियागो आणि ग्रँड आय-टेन निऑस. तेव्हा जाहिरातींत वॅगन आर ४.९९ लाखांपासून, टियागो ४.५७ पासून, निऑस ५.४७ पासून. 'पासून' या शब्दावर जाऊ नये. त्या किमतीची गाडी शोरूममध्ये सहसा उभी नसते. तिला सुरक्षिततेची काळजी होती, आणि तिथेही सरळ उत्तर नव्हते. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत टियागोला २०२० मध्ये चार तारे मिळाले, वॅगन आरला २०२३ मध्ये एक. पण २०२५ मध्ये सहा एअरबॅग वॅगन आर आणि निऑसमध्ये सरसकट होत्या, टियागोत दोनच. वॅगन आरची ती चाचणी दोन एअरबॅगच्या गाडीची होती. एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा बदलत नाही, एवढे मी तिला सांगितले.

चारपैकी दोन कोटेशन एकाच कंपनीच्या, दोन गावांतल्या विक्रेत्यांची होती. 'कन्झ्युमर ऑफर'ची ओळ दोन्हींत रुपयापर्यंत सारखी. शिक्षक म्हणून मिळणारी कॉर्पोरेट सवलतही सारखी. एक्स्चेंज बोनस एकाने जास्त दाखवला होता, पण तिच्या जुन्या गाडीचा भाव तेवढाच पाडला होता. फरक होता तो खालच्या ओळींत. विमा एकाकडे बाहेरच्या दरापेक्षा नऊ हजारांनी महाग. विमा कुठूनही घ्यायची ग्राहकाला मुभा असते, हे कोटेशनवर अर्थातच लिहिलेले नव्हते. एकाकडे हँडलिंग चार्जेस. दुसऱ्याकडे न मागितलेल्या अॅक्सेसरीज: मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, मिळून अकरा हजार. राज्याचा एकरकमी वाहन कर मात्र कुणालाच हलवता येत नाही. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, दोघांकडे तोच.

तिने दोघांनाही फोनवर एकच प्रश्न विचारला, गाडी कोणत्या महिन्यात बनलेली आहे. पहिल्याने बघून सांगतो म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने चाचरत मे महिना सांगितला. म्हणजे चार महिने यार्डात, पावसात, व्याजावर. दुसऱ्या दिवशी त्याचे सुधारित कोटेशन आले. अॅक्सेसरीजची ओळ गेली होती आणि विमा बाहेरून घेतला तरी चालेल असे हाताने लिहिले होते. ऑफरचा आकडा जिथल्या तिथे होता.