नाही म्हणायला

प्रवरेच्या पुलावरून कोल्हारात शिरताना एखाद्या ऊस-बागाईतदारास पिकाविषयी विचारावे, तर "काय वंगाळ न्हाई" एवढेच उत्तर येते. ऐकणाराने त्यातून पीक उत्तम आहे असे समजावयाचे. उघड "उत्तम" म्हटले तर दृष्ट लागेल, उसने मागणारा दारी येईल. वाइटाला नकार देऊन चांगले सुचविण्याच्या या रीतीस पाश्चात्त्य अलंकारशास्त्रात 'लायटोटीज' म्हणतात. ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले त्याचा अर्थ 'साधा'. शाळेत उपमा-उत्प्रेक्षा घोकवितात, याचे नाव कोणी सांगत नाही. आम्हांस तर तो पुस्तकाआधी कारखान्याच्या फाटकावर भेटला.

त्याचे कूळ नवे नव्हे. संस्कृत वैयाकरणांनी नकाराचे सहा अर्थ लावले; त्यांत निव्वळ अभाव हा एकच, आणि 'अल्पता' हा दुसरा. अल्पतेचे त्यांचे उदाहरण 'अनुदरा कन्या', शब्दशः पोट नसलेली मुलगी, म्हणजे बारीक कमरेची. (उपाशी पोटाचे उदाहरण त्यांस सुचले नाही, ते असो.) दोन नकारांनी मूळ अर्थच हाती येतो, असाही त्यांचा न्याय आहे. व्याकरणापुरते ते ठीक. पण "पैसे आहेत" आणि "पैसे नाहीत असे नाही" ही दोन वाक्ये उधारी मागावयास गेलेल्या माणसास कधीच एक वाटत नाहीत.

पुढे फारसी दरबारी भाषा झाली आणि 'ना', 'बे' हे उपसर्ग मराठीच्या अंगवळणी पडले. 'नाराज' म्हणजे राजी नसलेला. वरिष्ठाच्या रागाला हे मऊ पांघरूण बरे पडते. 'नालायक' म्हणजे केवळ लायक नसलेला, पण वापरून वापरून त्याची शिवी झाली. 'बेकार'चे तेच. ज्याच्या हातचे काम गेले, त्यालाच तो शब्द टाकाऊ या अर्थाने ऐकावा लागतो. 'हरकत' मूळ अरबीत हालचाल. मराठीत ती अडथळा झाली, आणि "हरकत नाही" हा आपला नित्याचा होकार. कचेरीचा 'ना हरकत दाखला' पाहा. त्यात कचेरी काहीच देत नाही, फक्त अडवीत नाही. उद्या काही बिघडले तर आम्ही हो कुठे म्हटले होते, असे म्हणावयास ती मोकळी.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तिची वार्ता देणारे सावकारी पत्र प्रसिद्ध आहे. दोन मोती गळाले, काही मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव व भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार. एवढा संहार रोजकीर्दीतल्या तोट्यासारखा सांगण्याच्या संयमाचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. आमचे लक्ष मात्र खुर्द्याकडे जाते. थोरांच्या वाट्यास आकडा आला, साध्या शिपायाच्या वाट्यास नकार.

म्हणूनच नारायण मेघाजी लोखंडे यांचे १८८४ सालचे काम आम्हांस भाषेच्या दृष्टीनेही मोठे वाटते. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या त्या अर्जावर सुमारे ५,५०० सह्या होत्या. आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत. "आमचे हाल काही कमी नाहीत" असे लिहिले असते तर मालकांनी मान डोलावून कागद बाजूस ठेवला असता. तासाला आणि तारखेला तसे करता येत नाही. साप्ताहिक सुटी मिळावयास १८९० साल उजाडले, तरी मागणी काय होती याविषयी सहा वर्षांत कोणास वेगळा अर्थ लावता आला नाही.

एका कारखान्यात चौकशीसाठी आलेल्या साहेबांपुढे मजूर, रीतीप्रमाणे, "तसा काही त्रास नाही" म्हणाले. 'तसा' या शब्दात तुंबलेली गटारे आणि थकलेला पगार होता. कारकुनाने लिहून घेतले: तक्रार नाही. गावात ते वाक्य सर्वांना कळले असते. कागदावर त्यातला 'तसा' गळाला.

तेव्हापासून आमच्या युनियनच्या फॉर्मवर "तक्रार आहे काय?" हा प्रश्न नाही. "गेला पगार कोणत्या तारखेस मिळाला?" असा आहे. माणसे तारीख बरोबर सांगतात, अंगठा किंवा सही करतात, आणि उठता उठता म्हणतात, "तसा काय लई उशीर न्हाई."