आधी छप्पर, मग कॉलेज

गरीब मुलाला कॉलेजात जाण्यापासून काय अडवते असे विचारले, तर बहुतेक जण ‘फी’ असे उत्तर देतील. फी अडवते हे खरेच. परंतु ज्याला घरच नाही, त्याची अडचण फी माफ झाल्याने संपत नाही. दिवाळीत वसतिगृह बंद झाले म्हणजे त्याने जायचे कोठे? तापाने अंथरूण धरले तर पेज कोणी द्यायची? महाराष्ट्रात ज्यांनी वंचितांना उच्च शिक्षणाची दारे उघडली, त्यांनी हा प्रश्न आधी सोडवला होता, याचे आज आपणांस विस्मरण झाले आहे.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. धोंडो केशव कर्वे यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. आश्रम पहिला, विद्यापीठ शेवटचे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभारली. तो काळ पाहिलेले भाऊराव पाटील स्वतः कोल्हापुरास बोर्डिंगात राहून शिकले होते. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास बोर्डिंग काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही राखले नाही. संस्थेचे छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यास निघाले ते १९४७ साली, म्हणजे बोर्डिंगनंतर २३ वर्षांनी.

‘कमवा आणि शिका’ ही भाऊरावांची योजना सर्वांना ठाऊक आहे. मुलगा श्रम करी, त्याचा मोबदला शिक्षणाच्या रूपाने मिळे, म्हणून त्याला कोणापुढे मिंधे व्हावे लागत नसे. तरी मजूर चळवळीतला माणूस म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याचे जेवण त्याच्या श्रमावर अवलंबून आहे, त्याला ‘आज माझी परीक्षा आहे, काम होणार नाही’ असे निर्भयपणे म्हणता आले पाहिजे. नाहीतर त्या योजनेचे नाव तेवढे शिक्षणाचे राहील.

आता आजची स्थिती पाहा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मूल अठरा वर्षे पुरी होईपर्यंत बालगृहात राहते. बारावी संपते ती याच सुमारास. कॉलेजचे दार उघडावे आणि त्याच वेळी निवारा सुटावा, असा हा योग आहे. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांत २१ वर्षांपर्यंत, आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत, पुढील आधाराची तरतूद आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात व सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण दिले. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु युनियनच्या कामात एक धडा लवकर मिळतो. करारावर सह्या झाल्या म्हणजे पगार हाती पडला, असे होत नाही. आरक्षणाने जागा मिळते, खोली मिळत नाही.

म्हणून कॉलेजांकडे मागणे साधे आहे. प्रवेशअर्जावर पालकाच्या सहीसाठी कोणी अडून बसू नये. पालक नसेल तेथे प्राचार्यांनी सही करावी. वसतिगृहाच्या निदान काही खोल्या आणि खानावळ सुट्टीतही चालू राहावी. आणि दाखला घेण्यास आलेल्या मुलाला गुणांबरोबरच हेही विचारावे की, ‘बाळ, रात्री राहतोस कोठे?’ भाऊरावांच्या बोर्डिंगाने या प्रश्नाचे उत्तर आधी तयार ठेवले होते. कॉलेज त्यानंतर आले.