शिडाच्या नौकेवरील पहारा

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. निजामशाहीच्या काळी चौलचे बंदर नगरच्या सत्तेखाली होते आणि १५०८ साली पोर्तुगीज व इजिप्ती आरमारांची लढाई तेथेच झाली, एवढाच काय तो आमचा समुद्राशी जुना संबंध. तेव्हा साखर कामगारांत आयुष्य काढलेल्या माणसाने नौकेवरील पहाऱ्याविषयी बोलावयास उभे राहावे, याचे आपणांस नवल वाटले तर आम्ही दोष देणार नाही. परंतु श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांनी कालव्याच्या पाण्याची रात्रीची पाळी धरली असेल. पुष्कळांनी गळिताच्या हंगामात रात्रपाळी काढली असेल. पाळी म्हणजे काय हे आपणांस कोणी शिकवावयास नको. आमचे म्हणणे एवढेच, की पाळीचा हिशेब कारखाने निघण्याच्या पुष्कळ आधी जहाजांवर बसलेला होता, आणि तो कारखान्यातल्यापेक्षा अधिक न्यायाचा होता.

पहारा हा आपला शब्द प्रहरावरून आला. आपले प्रहर दिवसरात्र मिळून आठ, म्हणजे प्रत्येक तीन तासांचा. इंग्रजी जहाजांवरचा पहारा चार तासांचा. अर्ध्या तासाची वाळूची घटिका रिकामी झाली की ती उलटावयाची आणि घंटा द्यावयाची. अर्ध्या तासाला एक टोला, तासाला दोन, असे करीत आठ टोले पडले की पहारा बदलला. माणसांच्या दोन तुकड्या असत, एक डाव्या बाजूची व एक उजव्या बाजूची. आता चोवीस तासांत चार तासांचे सहा पहारे बसतात, आणि सहा हा सम आकडा. म्हणजे मध्यरात्री बारा ते चारचा पहारा एकाच तुकडीच्या कपाळी कायमचा आला असता. यावर तोड अशी काढली, की संध्याकाळी चार ते आठचा पहारा मधोमध मोडून दोन-दोन तासांचे दोन केले. सहाचे सात झाले, आणि मध्यरात्रीचा जागर आज याला तर उद्या त्याला, असा आपोआप फिरू लागला. इंग्रज खलाशी या तुकड्यांना कुत्र्याचे पहारे म्हणतात. का म्हणतात यावर त्यांच्यातही एकमत नाही. फटक्यांच्या शिक्षेने चालणाऱ्या त्या जहाजांवर बाकी न्याय फारसा नव्हता, पण रात्र मात्र वाटून घेतलेली होती.

दोन तुकड्या म्हणजे दिवसाला सुमारे बारा तास काम. तीन केल्या तर चार तास काम व आठ तास मोकळे, म्हणजे दिवसाला आठ तास. आठ तासांचा दिवस हा असा साध्या भागाकारातून निघतो. तरी तो मिळावयास किती काळ लागला पाहा! अमेरिकेत खलाशांचे पुढारी अँड्र्यू फुरुसेथ यांच्या खटपटीने १९१५ साली कायदा झाला. त्यात डेकवरच्या खलाशांना निदान दोन व आगवाल्यांना तीन पहारे ठरले. १९१९ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत कारखान्यांसाठी आठ तासांचा ठराव झाला. तेथे हिंदी कामगारांतर्फे ना. म. जोशी गेले होते, आणि हिंदुस्थानाला मात्र आठवड्याचे साठ तास ठरवून मिळाले. पुढच्याच वर्षी जिनोआला खलाशांचा प्रश्न निघाला, तेव्हा दोन-तृतीयांश मते अगदी थोडक्यात हुकली आणि ठराव पडला. १९३६ साली ठराव झाला, पण पुरेशा देशांची मान्यता न मिळाल्यामुळे तो अमलातच आला नाही.

या साऱ्या काळात रत्नागिरीचा खलाशी ब्रिटिश आगबोटींवर राबत होता. सारंग, टिंडाल, सुकाणी, आगवाला ही नावे कोकणातल्या घराघरांत आहेत. त्याच्या करारात तासांना बंधन नसे, आणि पगार गोऱ्या खलाशाच्या जेमतेम तृतीयांश, कधी त्याहूनही कमी. समुद्र तोच आणि रात्रही तीच. हिशेब मात्र निराळा.

आता छोट्या नौकेकडे येऊ. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी ‘म्हादेई’ नावाची सुमारे छप्पन्न फुटांची शिडाची नौका बांधली गेली, आणि तीवरून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून मे २०१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. एकट्याने जाणाऱ्याला पहारा बदलावयास कोण येणार? तो तुकड्यातुकड्यांनी झोपतो, गजर लावून उठतो, क्षितिज पाहतो, पुन्हा पडतो. सागरी वाहतुकीच्या १९७२ च्या नियमांत तर, प्रत्येक नौकेने सर्व वेळ डोळ्यांनी व कानांनी टेहळणी ठेवावी, असे आहे. एकट्यासाठी त्यात सूट नाही!

त्याच जातीच्या ‘तारिणी’वरून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी स्त्री-अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. सहा माणसे असली की दोघादोघांच्या तीन जोड्या होतात. आपला भागाकार जमतो. अशा नौकेवर पहाऱ्याचे काम म्हणजे नुसते जागे राहणे नव्हे. सुकाणू धरावयाचे, चहूकडे दिवे पाहावयाचे, वारा फिरला की शीड आवळावयाचे किंवा सोडावयाचे, नोंदवहीत दिशा, वारा व हवेचा दाब लिहावयाचा, तळात पाणी साचले का ते बघावयाचे. आणि रात्री हे सर्व कमरेचा पट्टा नौकेला अडकवून. बदली येणाऱ्याने थोडे आधी वर यावयाचे, कारण डोळे अंधाराला सरावण्यास वीसेक मिनिटे लागतात. जाणाऱ्याने दिशा, वारा, दिसलेली जहाजे हे सारे तोंडाने सांगावयाचे, आणि मगच खाली जावयाचे. शंका आली तर कप्तानाला उठवावयाचे. उठवल्याबद्दल कोणी रागावत नाही.

हे शेवटचे वाक्य आम्ही प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. एका कारखान्यात आमचा एक सभासद बदली न आल्यामुळे सलग दुसरी पाळी करीत होता. पहाटेच्या सुमारास यंत्राचा आवाज बदललेला त्याने ऐकला होता. साहेबांना उठवावे असे त्याच्या मनात आले; पण मागे एकदा उठवल्याबद्दल त्याने बोलणी खाल्ली होती. त्याने स्वतःच हात घातला. उजव्या हाताची तीन बोटे गेली. चौकशीत निष्काळजीपणा असा शेरा पडला. तो किती तास जागा होता, हा प्रश्न आम्ही विचारीपर्यंत कोणी विचारला नव्हता.

त्यानंतर आम्ही तीन मागण्या लिहून दिल्या : बदलीशिवाय दुसरी पाळी नको, रात्री कोणत्याही कामगाराला अधिकाऱ्यास उठवता आले पाहिजे, आणि तशी नोंद वहीत व्हावी, येणाऱ्या व जाणाऱ्या माणसांची पंधरा मिनिटे एकत्र जावीत, व ती पगारी असावीत. पहिली मागणी तोंडी मान्य झाली. दुसरी लेखी झाली, आणि ती वही आज बॉयलरघराच्या दाराशी दोरीने बांधलेली आहे. तिसरीत दहा मिनिटे मिळाली. पाच मिनिटांची बोलणी चालू आहेत.