नोआंचे उन्हाळी बिऱ्हाड

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच रोमँटिक साहित्याचा इतिहास आपण बहुधा पॅरिसचा इतिहास म्हणून शिकवतो. नियतकालिके, नाट्यगृहे, प्रकाशक, दिवाणखान्यांतील बैठका हे सारे राजधानीत होते, त्यामुळे तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु या इतिहासाचे एक अंग वर्षातील काही महिने खेड्यात राहात असे, आणि त्याकडे आपण 'हवापालट' या सदराखाली पाहून पुढे जातो. बेरी प्रांतातील नोआं येथील जॉर्ज सांद यांचे घर घेतले, तर 'उन्हाळ्यासाठी गावी परतणे' ही वरवर साधी वाटणारी गोष्ट किती गुंतागुंतीची होती हे ध्यानात येते. परतायचे म्हटले की घर कोणाचे, हा प्रश्न आलाच.

शातोरू आणि ला शात्र यांच्यामधील हे घर सांद यांच्या आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, १७९३ मध्ये विकत घेतले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत पॅरिसपासून दूर आसरा असावा, हा त्यामागील हेतू. १८२१ च्या अखेरीस आजी वारली आणि सतरा वर्षांची ओरोर द्युपँ (सांद यांचे हे मूळ नाव) घराची वारस झाली. पुढच्याच वर्षी तिचा काझिमीर द्युदव्हाँ याच्याशी विवाह झाला आणि नेपोलियनच्या संहितेनुसार मालमत्तेचा कारभार पतीच्या हाती गेला. घर तिचे, पण त्यात सत्ता त्याची.

१८३१ मध्ये ती पॅरिसला गेली ती एक तडजोड करूनच. वर्षाचा काही काळ राजधानीत, काही काळ नोआंत राहावे आणि खर्चासाठी वर्षाला ३००० फ्रँक घ्यावेत, असे ठरले होते. ही रक्कम तिच्याच मालमत्तेच्या उत्पन्नातून यायची, हे विसरता कामा नये. म्हणजे गावी परतण्याचा हा क्रम प्रथम जुळला तो ऋतुमानाने नव्हे, पतीशी झालेल्या कराराने. १८३२ मध्ये 'इंदियाना' प्रसिद्ध झाली आणि 'जॉर्ज सांद' हे नाव रूढ झाले. फ्रान्समध्ये १८१६ पासून घटस्फोटच रद्द झालेला होता, त्यामुळे न्यायालयाकडून विभक्त राहण्याची मुभा मिळवणे एवढाच मार्ग उरला. तो लढा १८३६ मध्ये संपला आणि नोआं पुन्हा तिच्या ताब्यात आले. स्वतःच्या खोलीविषयी स्त्रीलेखनाच्या संदर्भात आपण नेहमी बोलतो, परंतु सांद यांना आधी उंबरठा सोडवून घ्यावा लागला, खोली नंतर.

या सोडवून घेतलेल्या घरात १८३९ च्या जूनमध्ये फ्रेदेरिक शोपँ प्रथम आला. मायोर्का बेटावरील हिवाळ्याने त्याची प्रकृती खालावली होती. १८४० चा उन्हाळा पैशाच्या ओढाताणीमुळे पॅरिसमध्येच गेला. त्यानंतर मात्र १८४१ ते १८४६ पर्यंत क्रम चुकला नाही. मे-जूनमध्ये यायचे आणि शरद ऋतूत पॅरिसकडे निघायचे. असे एकूण सात उन्हाळे.

दरवर्षी बिऱ्हाड नव्याने मांडावे लागे. प्रवास घोडागाडीचा आणि लांबचा. पॅरिस ते ऑर्लेआँ लोहमार्ग १८४३ मध्ये सुरू झाला. तो शातोरूपर्यंत पोहोचला १८४७ मध्ये, म्हणजे शोपँचे येणे थांबल्यावर. १८४१ मध्ये तेथील पियानो मनास न आल्याने पॅरिसहून प्लेयेलचा दुसरा पियानो मागवण्यात आला. देलाक्रवा आला तेव्हा त्याच्या चित्रकामाची सोय करण्यात आली, आणि १८४२ मध्ये त्याने तेथे कुमारी मेरीच्या शिक्षणाचे चित्र रंगवले. सांद रात्री लिहीत, शोपँ दिवसा पियानोवर बसे. एका छपराखाली दोन वेगळी वेळापत्रके नांदत. आणि ती नांदावीत म्हणून स्वयंपाकघरात, बागेत, तबेल्यात राबणाऱ्या माणसांचे तिसरे वेळापत्रक होतेच. संगीताच्या इतिहासात त्याची नोंद क्वचितच होते.

हिवाळ्यात शोपँचा वेळ शिकवण्यांत जाई, त्यामुळे रचनेला सवड उन्हाळ्यातच मिळे. बी फ्लॅट मायनर सोनाटा १८३९ मध्ये नोआंत पुरा झाला, बी मायनर सोनाटा १८४४ चा. तरीही त्याचे मन तेथे रुजले होते असे म्हणवत नाही. १८३९ च्या उन्हाळ्यात त्याने पॅरिसमधील मित्र फोंताना यास लिहिलेल्या पत्रांत नवी जागा शोधणे, भिंतींना कोणता कागद लावावा, कपडे कोणाकडून शिवावेत अशा सूचनांची रेलचेल आहे. उन्हाळी घरात बसून तो हिवाळी घर लावत होता. पाहुण्याचे असे असते. त्याला बिऱ्हाड मांडता येते, घर मांडता येत नाही.

येथे एक योगायोग आम्हांस महत्त्वाचा वाटतो. शोपँचे वडील मूळचे फ्रान्समधीलच, लोरेन प्रांतातील मारँव्हील या खेड्यातले. १७८७ मध्ये ते पोलंडला गेले आणि तेथलेच झाले. त्यांचा मुलगा वडिलांच्या देशातील खेड्यात सात उन्हाळे राहिला, पण ज्या गावी परतावे असे त्यास वाटे ते वॉर्सा होते, आणि १८३० च्या उठावानंतर ती वाट बंद झाली होती. १८४४ च्या मे महिन्यात वडील वारले. त्याच उन्हाळ्यात बहीण लुद्विका नोआंस येऊन भावाजवळ राहिली. स्वतःचे घर त्याला भेटायला आले ते असे, दुसऱ्याच्या घरी.

१८४६ मध्ये सांद यांची 'ल्युक्रेझिया फ्लोरियानी' ही कादंबरी आली. तिच्यातील हळव्या, संशयी राजपुत्रात अनेकांनी शोपँला ओळखले. सांद यांनी ते नाकारले. १८४७ मध्ये त्यांची मुलगी सोलांज हिचा शिल्पकार क्लेसँजे याच्याशी विवाह झाला, घरात कडाक्याचे भांडण झाले, शोपँने सोलांजची बाजू घेतली आणि संबंध तुटला. १८४८ च्या मार्चमध्ये पॅरिसमधील एका घराच्या दाराशी दोघांची ओझरती भेट झाली, ती शेवटची. पुढल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला.

सांद यांचे परतणे मात्र याच सुमारास पालटले. १८४८ च्या फेब्रुवारी क्रांतीत त्या उत्साहाने उतरल्या आणि मे महिन्यात निराश होऊन नोआंस आल्या. हे उन्हाळ्याचे येणे नव्हते, माघार होती. 'फ्राँस्वा ल शाँपी' क्रमशः छापली जात असताना क्रांतीमुळे तिच्यात खंड पडला होता. 'ला पतित फादेत' त्याच वर्षाच्या अखेरीस आली. या ग्रामीण कादंबऱ्यांना पळवाट म्हणणारे समीक्षक आहेत. आम्हांस ते पुरते पटत नाही. 'शाँपी'च्या प्रस्तावनेत सांद यांच्यापुढे एक नेमका प्रश्न आहे: एका बाजूस पॅरिसकर आणि दुसऱ्या बाजूस शेतकरी बसला असता दोघांनाही कळेल अशी गोष्ट कोणत्या भाषेत सांगावी? प्रमाणभाषा आणि बोली यांचा हा पेच मराठी ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. हा प्रश्न पडण्यासाठी दोन्ही ठिकाणी आलटूनपालटून राहावे लागते. पॅरिस आणि नोआं यांमधील येरझारीने सांद यांना विषय तर दिलाच, पण भाषेतील हे अंतर ऐकण्याचा कानही दिला. बेरीतील मश्कवादकांवरची १८५३ ची 'ले मॅत्र सोनर' त्याच कानाची कमाई.

८ जून १८७६ रोजी सांद नोआंतच वारल्या. घरालगतच्या कौटुंबिक दफनभूमीत त्यांना पुरले. आज ते घर फ्रेंच शासनाकडे आहे आणि लोकांस पाहता येते. तेथे जाणाऱ्यास कलावंतांचे निवांत विश्रांतिस्थान दाखवले जात असेल. निवांतपणा होताही. पण एकीने तो न्यायालयात भांडून मिळवला, दुसऱ्याला तो पाहुणा म्हणून मिळाला आणि पाहुणा म्हणूनच गेला, आणि चुलीपाशी राबणाऱ्यांच्या वाट्यास उन्हाळा आला तो कामाचा हंगाम म्हणून. घर एकच असले तरी त्याचा इतिहास लिहिताना हे तीन उन्हाळे वेगळे मोजावे लागतील.