आयसोनियाझिड: औषध आधी, एन्झाइम नंतर

आष्टीच्या सरकारी दवाखान्यातून टीबीच्या पेशंटला सुरुवातीचे दोन महिने रोज जी गोळी मिळते, तिच्यात चार औषधं एकत्र असतात. त्यातलं एक आयसोनियाझिड. नेटचा अभ्यास करताना आपण ते एका ओळीत पाठ करून टाकतो: आयसोनियाझिड, टार्गेट इन्ह-ए, मायकॉलिक आम्ल बंद. ती एक ओळ लिहिता यायला ८२ वर्षं लागली.

१९१२ साली प्रागमध्ये हान्स मायर आणि योझेफ माली यांनी हा रेणू बनवला. मालीचं ते पीएचडीचं काम. टीबीशी संबंध शून्य. संयुग बनवलं, त्याचे गुणधर्म लिहिले, प्रबंध झाला आणि विषय संपला. पुढची चाळीस वर्षं तो रेणू कपाटात. १९५२ मध्ये तीन कंपन्यांनी, हॉफमन-ला रोश, स्क्विब आणि बायर यांनी, एकमेकींना न विचारता त्याचा टीबीवरचा परिणाम जाहीर केला. पेटंट मात्र कुणालाच मिळालं नाही, कारण रेणू आधीच छापून आलेला! (आपला प्रबंध कुणी वाचणार नाही असं वाटत असेल, तर मालीला आठवा.)

औषध चालतं हे कळलं. का चालतं, ते नाही. सल्फाचं कोडं तसं लवकर सुटलं होतं. प्रॉन्टोसिल १९३५ चं, आणि १९४० मध्येच वुड्सनं दाखवलं की सल्फा हे जिवाणूला लागणाऱ्या पॅबासारखं दिसतं आणि एन्झाइमवर त्याची जागा अडवतं. आयसोनियाझिडच्या बाबतीत एक धागा १९५४ मध्ये मिडलब्रुकच्या हाती लागला: ज्या टीबीच्या जंतूंवर औषध चालत नाही, त्यांच्यातलं कॅटालेज बऱ्याचदा गायब असतं. पण त्याचा अर्थ लागायला १९९२ उजाडलं. कॅट-जी या जीनवरून तयार होणारं ते एन्झाइम आयसोनियाझिडला जागं करतं. गोळीतला रेणू स्वतः काही करत नाही; जंतूच त्याला धारदार करतो. १९९४ मध्ये खरं टार्गेट सापडलं, इन्ह-ए. जागं झालेलं औषध एनएडीला चिकटतं आणि ती जोडगोळी इन्ह-एमध्ये अडकून बसते. जंतूचं मेणचट आवरण बनणं थांबतं.

आता रेझिस्टन्स कसा येतो ते नीट समजतं. जंतू बहुतेक वेळा टार्गेट बदलत नाही, कॅट-जी बिघडवतो.

हल्ली आपण उलट्या बाजूनं निघतो: आधी एन्झाइम, मग त्याचा इनहिबिटर. याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ चं. तिथल्या जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या गटानं आधी हत्तीरोगाच्या आणि मग टीबीच्या निदानावर काम केलं. टीबीचे जंतू वाढवलेल्या द्रवात, जंतूंनी बाहेर टाकलेलं ३१ किलोडाल्टनचं एक प्रोटीन त्यांना मिळालं. नाव ठेवलं ईएस-३१. रक्तातून टीबी ओळखायला ते वापरायचं, एवढाच आधीचा हेतू. मग प्रश्न आला की हे प्रोटीन जंतूसाठी करतं काय? तपासलं तर ते सेरीन प्रोटीएज निघालं, शिवाय त्यात लायपेजचाही गुण. पेफाब्लॉक आणि ऑर्लिस्टॅटसारखे इनहिबिटर वापरल्यावर प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखली गेली. निदानासाठी शोधलेलं प्रोटीन औषधाच्या टार्गेटच्या यादीत गेलं.

मला हे काम आवडतं ते त्या मधल्या प्रश्नासाठी. हाताशी चालणारा मार्कर असताना "पण हे करतं काय?" असं विचारायला वेळ काढणारे कमी.

इथून पुढची वाट मात्र अवघड आहे. वाढ थांबली म्हणजे औषध मिळालं, असं मुलाखतीत चुकूनही म्हणू नका. आपल्या शरीरात रक्त गोठवणारी आणि अन्न पचवणारी कितीतरी एन्झाइम सेरीन प्रोटीएजच आहेत. पेफाब्लॉक त्यांनाही सोडत नाही. ऑर्लिस्टॅट वजन कमी करायला लोक घेतातच, म्हणजे माणसाला चालतं. पण ते आतड्यातच राहतं, रक्तात जवळजवळ उतरत नाही. आणि टीबीचा जंतू बसलेला असतो फुफ्फुसात, मॅक्रोफेजच्या पोटात.