दाव्याची गाठ आणि पोळ्याचा गोंडा

सिंदफणेकाठच्या माजलगाव परिसरात, किंबहुना सगळ्या मराठवाड्यात, दोराच्या शोभिवंत गाठींचा इतिहास बैलाच्या साजात शोधावा लागतो. कारण श्रावण अमावास्येच्या पोळ्याला बैलावर चढणारी नवी वेसण, म्हणजे नाकपुडीतून ओवलेली दोरी, तोंडाभोवतीची म्होरकी आणि हाकण्याचा लांब कासरा ही वर्षभराच्या कामाची साधने होती आणि सणाचे दागिनेही तीच होती.

बलुतेदारीत हे दोरकाम मातंग समाजाकडे, म्हणजे जुन्या लेखनातील मांगांकडे, असे. दोर वळून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे, असा हा व्यवहार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांव-गाडा' या ग्रंथात गावच्या अशा देण्याघेण्याचे सविस्तर वर्णन आहे. अंबाडी, ताग किंवा मूळचे अमेरिकेतले पण येथे केकताड म्हणून रुजलेले घायपात कुजवून, बडवून आणि धुऊन जो धागा निघे, त्याचा प्रत्येक पदर एका दिशेने पिळीत आणि तीन पदर एकत्र करताना पीळ उलटा देत, त्यामुळे सुटू पाहणारे पदर एकमेकांनाच धरून ठेवीत.

खरे कसब मात्र जनावर बांधायच्या दोराच्या, म्हणजे दाव्याच्या, टोकाला दिसे. टोकाचे पदर थोडे उकलून प्रत्येक पदर शेजारच्या पदराखालून वर काढला आणि सगळे सारखे आवळले, की बोंडासारखी गोल, भरीव गाठ बसते. ती दुसऱ्या टोकाच्या फाशात अडकवली, की जनावराच्या ओढीने घट्ट होते आणि माणसाच्या बोटांना सहज सुटते. जिची शोभा तिच्या कामातूनच आली, अशी ही गाठ आहे. म्होरकीला लटकणारे रंगीत गोंडे हा वरचा साज होय.

युरोपीय खलाशीही दोर उसवू नये म्हणून याच जातीची गाठ घालीत. त्या गाठींना क्लिफर्ड ॲशली यांचा १९४४ सालचा, ३,८०० हून अधिक नोंदींचा ग्रंथ लाभला. इकडची गाठ बापाच्या हाताकडे पाहत मुलगा शिकला, आणि ज्या हातांनी गावचे बैल सजले त्यांची वस्ती गावाबाहेरच राहिली. या विद्येची उपेक्षा त्या अन्यायाचाच भाग आहे.

पुढे ट्रॅक्टर आला, बाजारात नायलॉनचा दोर आला. त्याचे टोक उसवू नये म्हणून ते जाळून वितळवतात. तेथे गाठ घालावी लागत नाही.